पेडल तसंच राहू दे

गाडी जागेवरून हलायला नको होती. दादानं गिअरच्या दांड्यावरचं बटण दाबून धरलं होतं, पहिला गिअर टाकला होता, आणि मी खिडकीशी वाकून त्याला सांगत होते की आता नुसतं धरून ठेव, सोडू नको. त्यानं सोडलं नव्हतं. तरी गाडीनं हिसका दिला, मी मागं फेकली गेले आणि ती लाल गाडी समोरच्या कामाच्या टेबलावर जाऊन आदळली. ते जड लोखंडी टेबल सरकत भिंतीला टेकलं. वरचे पाने, हातोड्या, ऑइलचा डबा, सगळं धडाधड बॉनेटवर कोसळलं आणि इंजिन बंद पडलं.

मी उठून धावले. दादाला काही झालं नव्हतं. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, पण त्याची नजर ना टेबलाकडे होती ना बॉनेटकडे. तो माझ्या पाठीमागं, शटरकडे बघत होता. मी वळले. ऊर्मिलावहिनी दारात उभी होती. हातात त्याच्या जेवणाचा डबा. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं डबा पायरीवर ठेवला, पदर सारखा केला आणि निघून गेली.

"हाक मार तिला," दादा म्हणाला.

मी मारली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

ही गोष्ट कोल्हापूरची, आमच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधली. आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ऑइल इंजिनं दुरुस्त करायला ते सुरू केलं होतं. आप्पा गेल्यावर मी सांभाळायला घेतलं. घरात इंजिनिअर मीच झाले होते. जिनेंद्रदादा बांधकामाची कंत्राटं घ्यायचा. पण गाड्यांचं वेड त्याला. ही दोन दारांची, दोन माणसांची जुनी परदेशी गाडी त्यानं मुंबईहून आणली तेव्हा आईनं विचारलं होतं, हिच्यात बाकीचं घर कुठं बसायचं? दादा हसला होता. पुढं कितीतरी वर्षं त्याचा प्रत्येक रविवार त्या गाडीखाली गेला. आप्पांनी आणि मी मिळून तिचं सस्पेन्शन खाली घेतलं, सायलेन्सर बदलला, इंजिनाला टर्बो बसवला. तो टर्बो दोनदा जळला. एकदा तर पन्हाळ्याच्या चढावर गाडी इतकी तापली की शेजारच्या हॉटेलातून कळशीनं पाणी आणून ओतायला लागलं. दर वेळी आम्ही ठरवायचो की आता बास, आणि पुढच्या रविवारी परत बॉनेट उघडायचो.

मग अपघात झाला. आंबोलीहून परत येताना, दिवेलागणीला, उसाची एक ट्रॉली दिव्याशिवाय रस्त्याच्या कडेला उभी होती. समोरून ट्रक आला. गाडी वहिनी चालवत होती. तिनं स्टिअरिंग ओढलं, स्वतः वाचली, ट्रकही चुकवला, पण गाडीची डावी बाजू ट्रॉलीच्या कोपऱ्यावर गेली. डाव्या सीटवर दादा होता. त्याचा डावा पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला.

त्यानंतर घर बदललं. आई वहिनीला कधी वेडंवाकडं बोलली नाही. पण भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला, विचारलं नसलं तरी, ती एवढं सांगायची: "सून चालवत होती." वहिनी तेव्हा चहाचे कप गोळा करत असायची. ती शिकवायची त्या कॉलेजात पायी जाऊ लागली, माहेरी सांगलीला एसटीनं. रिक्षात सुद्धा डोळे मिटून बसायची. दादाचं सगळं तीच करायची, त्याच्या मलमपट्टीपासून कुबड्यांच्या रबरापर्यंत, आणि सगळ्यांचं झाल्यावर शेवटी स्वयंपाकघरात एकटी जेवायची. आधी ही दोघं अशी भांडायची की गल्लीतल्या लोकांना विषय पाठ असायचे. पडद्याचा रंग, गॅलरीत रचलेले टायर, त्यानं परस्पर ठरवलेल्या सहली. आता ती त्याला कशालाच नाही म्हणत नव्हती. मला वाटायचं, बरं आहे, घरात शांतता आहे.

चेपलेली गाडी वर्कशॉपच्या मागं ताडपत्रीखाली पडून होती. वर्षभरानं दादा एक दिवस रिक्षानं आला, कुबड्या टेकत मागं गेला आणि ताडपत्री ओढून म्हणाला, ही उभी करू या. मला वाटलं, विकायची असेल. पत्रा सरळ केला, डावं दार नवं घातलं, चॅसी मापात आणली. मग तो म्हणाला, आता क्लच हातावर घे.

ब्रेक आणि ॲक्सिलरेटर उजव्या पायाचे, ते त्याला जमत होतं. अडत होतं ते क्लचपाशी, कारण क्लच डाव्या पायाचा. मी त्याला सांगितलं, आईनं सांगितलं, डॉक्टरांनीही सांगितलं की ऑटोमॅटिक गाडी घे, तिला क्लचच नसतो, काही बदलायला लागणार नाही. तो सगळ्यांचं ऐकून घ्यायचा आणि परत तेच म्हणायचा. हीच गाडी.

ठीक, म्हटलं. गिअरच्या दांड्यावर बटण बसवू. बटण दाबलं की एक मोटर क्लचचं तेल ढकलेल, सोडलं की परत घेईल. पायाचं पेडल आणि त्याचा पंप काढून टाकू. काम सोपं होईल.

"पेडल तसंच राहू दे," तो म्हणाला.

"राहू दे म्हणजे?"

"म्हणजे पायानं पण चाललं पाहिजे. पूर्वीसारखं."

जे मनात आलं ते मी बोलले, कारण भावा-बहिणीत तसंच बोलतात. "दादा, पायच नाही तर पेडल कशाला?"

त्याला राग आला नाही. तो म्हणाला, तुला जमणार नसेल तर सांग, पुण्यात करून देणारे आहेत. एवढ्यावर मी वाद सोडला. मनात म्हटलं, याला अजून पटलेलं नाही की पाय गेला. पेडल काढलं तर ते पटवून घ्यावं लागेल, म्हणून नको म्हणतोय. आईलाही मी तसंच सांगितलं. आईनं डोळ्याला पदर लावला.

पण त्या पेडलनं माझा जीव खाल्ला. एकाच क्लचला दोन पंप, एक मोटरचा, एक पायाचा. एकानं तेल ढकललं की ते क्लचकडे जायला पाहिजे, दुसऱ्या पंपात उलटं शिरता कामा नये. त्यासाठी मधे एक झडप बसवली. झडपेत एक पोलादी गोळी. ज्या बाजूनं तेल येईल त्याच्या उलट बाजूचं तोंड ती बंद करणार. कागदावर छान दिसत होतं. त्या दिवशी ती गोळी अडकली, तेल उलटं पेडलच्या पंपात गेलं, क्लच सुटला नाही आणि गाडी टेबलावर जाऊन धडकली.

त्या संध्याकाळी वहिनी माझ्या खोलीत आली. दार लावून घेतलं.

"क्षमा, हे बंद कर."

मी म्हटलं, दोष सापडलाय वहिनी, आतल्या भोकात धातूची एक कड राहिली होती, ती काढली की होईल.

"तुला कळत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज इतका खाली होता की मला पुढं झुकावं लागलं. "एक पाय आहे त्याचा. एकच आहे."

मी दादाला जाऊन सांगितलं की मी हे काम सोडतेय. तो पलंगावर बसून मांडीच्या टोकाला तेल चोळत होता. त्यानं एवढंच विचारलं, "ती स्वतः आली होती सांगायला? काय म्हणाली, नेमकं सांग." मी सांगितलं. त्यानं तेलाच्या बाटलीचं बूच लावलं. मग म्हणाला, "मला येऊन का नाही म्हणाली?" आणि त्याच्या तोंडावर असं काही दिसलं की काम सोडायचं माझ्याच्यानं झालं नाही.

झडप मी नव्यानं केली. आमच्या फिटर रज्जाकनं आणि मी गाडी चार लोखंडी घोड्यांवर उचलून, चाकं हवेत ठेवून दिवस दिवस ती चालवली. बटणानं, पेडलनं, बटण धरलेलं असताना पेडल दाबून. गोळी एकदाही अडकली नाही. मध्येच मोटर तापायची, मग तिला हवा लागेल अशी जागा शोधली. एक नळी फुटली आणि रज्जाकचा शर्ट तेलात भिजला, तेव्हा पुन्हा सगळं उघडलं. हळूहळू असं झालं की दादा डोळे मिटून गिअर टाकायचा आणि मला आवाजावरून चूक काढता यायची नाही.

रस्त्यावर नेता येणार नव्हतीच. आरटीओनं बघितल्याशिवाय ती गाडी रस्त्याची नव्हती. ओळखीच्या एका साखर कारखान्याचं आवार मिळालं. मे महिना, हंगाम संपलेला, उसाच्या गाड्या उभ्या राहतात ते मोठं पटांगण रिकामं. हवेत मळीचा आंबूस वास. गाडी आम्ही ट्रकवर घालून नेली. वहिनीला यायचं नव्हतं. आईनंच तिला पाठवलं. म्हणाली, त्याला ऊन लागलं, चक्कर आली तर जवळ कोण? तू जा. वहिनी गेली. वजनकाट्याच्या खोलीच्या पायरीवर, सावलीत, पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसली आणि पटांगणाकडे पाठ केली.

दादा गाडीत बसला. मी खिडकीशी. उद्यमनगरात टेबल तरी होतं आदळायला, इथं पलीकडच्या टोकाला ऊस टाकतात त्या गव्हाणीची काँक्रीटची भिंत होती.

"सरक बाजूला," तो म्हणाला.

गाडी निघाली. पहिला गिअर, दुसरा. एखादा माणूस ओट्यावरून उतरावा इतकी अलगद. भिंतीपाशी त्यानं वेग कमी केला, वळला, परत आला, माझ्या शेजारून हात दाखवत गेला. दुसऱ्या फेरीला तिसरा गिअर पडला आणि टर्बोची ती शीळ दीड वर्षानं ऐकू आली. रज्जाकनं टोपी काढली. मी वहिनीकडे पाहिलं. तिची पाठ तशीच होती, पण खांदे कानापर्यंत वर आले होते.

तिसऱ्या फेरीत गाडी भिंतीकडे गेली आणि वळलीच नाही. ब्रेकचा आवाज आला, धूळ उडाली, आणि सगळं शांत झालं.

वहिनी ताडकन उठली. बाटली पायरीवरून गडगडत गेली. माझा फोन वाजला.

"बटण गेलं," दादाचा आवाज शांत होता. "क्लच सुटत नाही. मला काही झालेलं नाही."

मी हत्यारांची पिशवी उचलली. येते म्हटलं.

"तू नको. ऊर्मिलाला पाठव."

"वहिनी येऊन काय करणार?"

"पेडल आहे की."

मी तिथंच थांबले. एवढे दिवस ज्याच्यासाठी मी रक्त आटवलं ते पेडल कुणासाठी होतं, हे मला त्या उन्हात, हातात पिशवी घेऊन उभी असताना कळलं.

वहिनीला मी एवढंच म्हटलं, दादा बोलावतोय. ती चालायला लागली, मग पळायला लागली. तेवढ्यात लांबवर गाडीचं उजवं दार उघडलं. दादा कुबडी काढून बाहेर आला, बॉनेटला धरत धरत गाडीच्या पुढून पलीकडे गेला, डावं दार उघडलं आणि आत बसला. त्याच सीटवर. पाय गेला होता त्या सीटवर.

वहिनीनं ते पाहिलं. पळता पळता ती थांबली. मग चालत गाडीपर्यंत गेली आणि उघड्या उजव्या दारापाशी उभी राहिली. तो आतून काही बोलला. तिनं मान हलवली, नाही. तो परत बोलला. ती तशीच उभी. ऊन रणरणत होतं. मला तिकडे जायचं नव्हतं आणि लांबही राहवत नव्हतं. मी अर्ध्या वाटेवर विजेच्या खांबापाशी जाऊन उभी राहिले. रज्जाकला हातानं थांबवलं.

ती कधी बसली ते मला नीट दिसलं नाही. इंजिन सुरू झाल्याचं ऐकू आलं. गाडीनं गचका खाल्ला आणि बंद पडली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा गचका. तिसऱ्यांदा ती निघाली, पहिल्याच गिअरमध्ये, इंजिन कण्हत, माझ्या दिशेनं. माझ्यापासून थोड्या अंतरावर तिनं ब्रेक दाबला. काचा खाली होत्या. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते आणि ती समोर बघत होती, माझ्याकडे नाही, त्याच्याकडेही नाही.

"त्या दिवशी मी नको म्हणाले होते," ती म्हणाली.

दादानं तिच्याकडे मान वळवली.

"अंधार पडतोय, मला ही गाडी नीट येत नाही, असं म्हणाले होते मी. तू म्हणालास, चालव, मला झोप येतीय. मी दोनदा नको म्हणाले. तू सीट मागं टाकून डोळे मिटलेस."

"हो," दादा म्हणाला. "मीच म्हणालो होतो."

"मग दीड वर्ष का नाही बोललास?"

"बोलायला लागलो की तू उठून जायचीस."

तेव्हा ती वळली. आणि तिनं जे सुरू केलं ते मी आजवर विसरलेले नाही. तिचा आवाज चढत गेला, हात स्टिअरिंगवरून सुटून हवेत फिरायला लागले. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून पडायचास. पाय गेलेल्या माणसाला मी कोणत्या तोंडानं म्हणू की तूच सांगितलंस. रोज सकाळी तुझी पट्टी बदलताना मला काय वाटत होतं ते एकदा तरी विचारलंस का. आणि हे असं उन्हात बोलावून, गाडी बंद पाडून, हे पण परस्पर तूच ठरवायचं. बोलता बोलता तिनं डॅशबोर्डखालचं उघडं झाकण पाहिलं. मोटरचा फ्यूज तिथं नव्हता. दादानं मुकाट्यानं शर्टाच्या खिशातून काढून तळहातावर धरला.

तिनं तो घेतला आणि खिडकीतून लांब भिरकावला.

दादाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यानं पुसलंही नाही. मी आणि रज्जाक खाली मान घालून फ्यूज शोधायचं नाटक करत राहिलो. माझ्या पिशवीत दुसरा होता.

संध्याकाळी आमच्या घरी नेहमीप्रमाणे सूर्य मावळायच्या आत पानं मांडली गेली. आई बसली होती, दादा खुर्चीवर, मी त्याच्या शेजारी. वहिनी भाकरीचं ताट घेऊन वाढायला आली. तिचा आवाज बसला होता. आईनं विचारलं, कशी काय चालली गाडी?

दादानं हातातला घास खाली ठेवला.

"आई, आंबोलीहून येताना ऊर्मिला नको म्हणत होती. मला झोप येत होती म्हणून मी तिला बळंच चालवायला लावलं. ते मी कुणाला सांगितलं नाही. आज सांगतोय. आणि आता कुणी विचारलं तर तू हे सांगायचंस."

बाहेरच्या नळाची धार ऐकू येत होती. आई दादाकडे बघत राहिली. मग वहिनीकडे बघायला तिला बराच वेळ लागला. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, वहिनीच्या हातातलं भाकरीचं ताट घेतलं आणि आपल्या पाटाकडे बोट दाखवलं.

"बस तू," ती म्हणाली. "मी वाढते."

वहिनी बसली. आईनं तिला भाकरी वाढली, त्यावर लोण्याचा गोळा ठेवला, मग तिथंच ताट धरून उभी राहिली. पुढं त्या गाडीला आरटीओनं दोनदा परत पाठवलं, मला ती झडप आणखी एकदा बदलावी लागली, आणि पास झाल्यावर दादानं ती पुष्कळ वर्षं चालवली. पण त्या संध्याकाळी आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. वहिनीनं एक घास घेतला, पाणी प्यायली आणि बसलेल्या आवाजात मला म्हणाली,

"क्लच फार जड झालाय गं. उद्या बघ जरा."